मणक्यात गॅप आहे, तरी व्यायाम करायचा का?

ताई, नमस्कार. नातवाला जवळ बसवून हे लिहून घेतेय. केज तालुक्यातलं आमचं गाव, माझं वय 67. सगळा जन्म रानात गेला. खुरपणी केली, कापूस वेचला, दुष्काळात टँकरवरून घागरी वाहिल्या. मागच्या दिवाळीच्या टायमाला कापूस वेचता वेचता कमरेत चमक भरली, ती अजून गेली नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, पट्टा दिला. तेव्हापासून पट्टा कमरेलाच आहे. सून हातात झाडूसुद्धा घेऊ देत नाही, नुसतं बसून राहा म्हणते. मारुतीच्या देवळापर्यंत चाललं की पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात. पारावर टेकलं की बरं वाटतं. दवाखान्यातून व्यायामाचा कागद मिळालाय, पण त्यात सगळं जमिनीवर झोपून करायचंय. गुडघ्यांमुळं मी खाली बसले की उठवायला माणूस लागतं. टीव्हीवर बघून भुजंगासन केलं तर पाय जास्तच दुखले. शेजारीण म्हणते बिब्बा घाल. माझं विचारणं असं आहे की जन्मभर एवढं काम केलं, आता या वयात व्यायाम करून मणका आणखी झिजणार नाही का? आणि यंदा कापूस वेचायला जाता येईल का?

मावशी, नमस्कार.

झिजण्याची भीती आधी बाजूला करू. ती मनात असेपर्यंत तुमचा हातपाय मोकळेपणानं हलणार नाही. व्यायामानं मणका झिजत नाही. थोडक्यात सुरू केलेला आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम तुमच्या कंबरेला पट्ट्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, आणि तो जमिनीवर न बसता, घरातल्या पलंगावर आणि खुर्चीवर करता येतो.

डॉक्टरांनी फोटोत पाहिलं ते खरंच आहे. दोन मणक्यांच्या मधल्या चकत्या वयाबरोबर सुकतात, बारीक होतात. पण ते जवळपास सगळ्यांचंच होतं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा 3,110 माणसांचे स्कॅन एकत्र करून अभ्यासकांनी 2015 साली एक आढावा छापला. साठीच्या वयात, काहीही न दुखणाऱ्या दर 100 माणसांमागे 88 जणांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या आणि 69 जणांच्या फुगून थोड्या बाहेर आलेल्या निघाल्या. तुमच्या पारावर बसणाऱ्या, रोज रानात जाऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले तरी बहुतेकांचे तुमच्यासारखेच दिसतील. तेव्हा त्या फोटोकडे बघून आयुष्यभर बसून राहायचं काही कारण नाही.

मात्र व्यायाम सुरू करण्याआधी काही गोष्टी मला विचारायच्याच आहेत. नातवाला एकेक वाचायला सांगा आणि खरं खरं उत्तर द्या. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटलाय का, किंवा लघवी अडते का? दोन्ही मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधिर वाटते का? एखादा पाय लुळा पडल्यासारखा होतो का, चालताना पाऊल घासतं का? यातलं एकही ‘हो’ असेल तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, गाडी नसेल तर 108 ला फोन करा. मणक्यातल्या नसा जास्त दबल्याची ती खूण असते आणि तिथं तासांना किंमत असते.

आणखी काही खुणा आहेत. त्यात धावपळ करायची गरज नसते, पण आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवावं लागतं. संध्याकाळी बारीक ताप येणं, वजन आपोआप उतरणं, रात्री कूस बदलूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी कधी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून सापडतो आणि तो वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो. पडल्यावर किंवा एसटीत जोराचा हादरा बसल्यावर अचानक कळ सुरू झाली असेल, तुमची उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, पाठीला पोक येत असेल, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का हे बघून घ्यायला सांगा. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. अशा हाडांत, जड काही न उचलताही, मणका दबून चपटा होऊ शकतो. एक आणखी विचारते. गुडघ्यांसाठी कुणाकडून पुडीतल्या, नाव नसलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्यात का? त्यात कधी कधी स्टेरॉइड असतं, आणि ते हाडं पोखरतं. पण घेत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, तसं करणंही धोक्याचं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

तुमच्या पत्रातलं देवळाचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. चाललं की पोटऱ्या भरून येतात आणि बसलं की बरं वाटतं. या वयात त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मणक्याच्या आतली नसांची वाट अरुंद होणं. सरळ उभं राहिलं, मागं झुकलं की ती वाट आणखी आवळते. बसलं किंवा थोडं पुढं झुकलं की मोकळी होते. भुजंगासनात कंबर मागं वाकते, म्हणून तुमचे पाय जास्त दुखले असावेत. आसन वाईट नाही, पण तुमच्यासाठी ते नाही. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरीही पोटऱ्या अशाच भरून येतात. त्यात नुसतं जागेवर उभं राहिलं तरी आराम पडतो, नसांच्या त्रासात मात्र बसावं किंवा वाकावं लागतं. तुम्हाला यातलं कशानं बरं वाटतं ते दोन-तीन दिवस नीट बघा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगा. पावलावरची नाडी तपासायला दोन मिनिटं लागतात. साखर किंवा बीपीचा त्रास असेल तर ती तपासून घ्याच.

आता तुमचा दुसरा सवाल, जन्मभर काम केलं तर वेगळा व्यायाम कशाला? आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या तोंडी मी हे ऐकते, आणि त्यामागचे कष्ट मला माहीत आहेत. पण रानातलं काम तुमच्या कंबरेला विचारून होत नाही. खुरपताना तासन्‌तास एकाच बाजूनं वाकून बसायचं, घागर एकाच कमरेवर, पोतं उचलायचं ते घाईत. जे स्नायू त्या कामात लागतात ते थकून जातात, आणि पोटाचे, कुल्ल्यांचे जे स्नायू कंबर सावरून धरतात त्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. व्यायामात किती वेळा, किती वेळ, कुठं थांबायचं हे तुम्ही ठरवता. हाच मोठा फरक आहे.

आणि गेलं जवळपास वर्षभर तर तुम्ही बसूनच आहात. बसण्याची किंमत या वयात फार मोठी असते. 2007 साली एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठ माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या पायांमधलं जवळपास 1 किलो मांस कमी झालं आणि मांड्यांची ताकदही उतरली. दुखतं म्हणून बसायचं, बसल्यानं ताकद जायची, ताकद गेली म्हणून थोडं हललं तरी दुखायचं. तुम्ही याच फेऱ्यात सापडला आहात असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. बाहेर पडायचं ते थोडं थोडं रोज करूनच. पिकाला पाळीपाळीनं पाणी देतात तसं. एकदाच पाट फोडून दिलं तर मुळं कुजतात.

तो जमिनीवरचा कागद घडी घालून ठेवून द्या. घरात फळ्यांचा दिवाण किंवा लाकडी पलंग असेल तर त्यावर पातळ गादी टाका. बाज नको, ती मध्ये खोल जाते आणि कंबर लटकते. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या करू नका. रात्रीतून मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, त्यामुळं पहिला तासभर वाकणं कंबरेला जड जातं. चहा घ्या, अंगणात दोन फेऱ्या मारा, मग पलंगावर या. जेवणानंतर मात्र तास-दीड तास थांबा. झोपताना आधी पलंगाच्या कडेला बसा, मग कुशीवर कलंडा, मग उताणं व्हा. उठताना हेच उलट: आधी कूस, मग पाय खाली सोडायचे आणि हातानं पलंग दाबून बसायचं. सरळ उठायचं नाही. ही उठण्याची रीत रात्री-अपरात्रीसुद्धा पाळा, बऱ्याच चमका त्याच वेळी भरतात.

उताणं झाल्यावर डोक्याखाली पातळ उशी, दोन्ही गुडघे उभे, पावलं पलंगावर. कंबर आणि गादी यांच्या मधे हात सरकेल एवढी पोकळी असते. बेंबी आत ओढून ती पोकळी हलकेच दाबून टाका, पाच मोजेपर्यंत धरा, सोडा. आकडे मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. बीपी असलेल्या माणसानं श्वास कोंडून जोर लावणं बरं नाही. हे दिसायला काहीच नाही, पण पोटाचे स्नायू कंबर कशी धरतात ते शरीराला यातूनच पुन्हा आठवतं, आणि पुढचं सगळं यावर उभं राहतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस नुसतं एवढंच केलंत तरी चालेल.

त्याच स्थितीत दोन्ही गुडघे जोडून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सोडायचे. जिथं ताण लागेल तिथंच थांबायचं, पलंगाला टेकवायची जिद्द धरायची नाही. मग एक गुडघा छातीकडे घ्या, पण हात गुडघ्यावर न ठेवता मांडीच्या मागून धरा, नाहीतर दुखरा गुडघा दाबला जाईल. 15-20 आकडे मोजा, पाय बदला. नसांची वाट अरुंद असलेल्या माणसाला हा व्यायाम सहसा सुखावतो. दोन्ही गुडघे एकदम छातीशी ओढून डोकं उचलायचं नाही आणि पायाचे अंगठे धरायला वाकायचं नाही. 1984 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या मोठ्या दवाखान्यातल्या एका अभ्यासात, हाडं ठिसूळ झालेल्या ज्या बायकांनी असे पुढं वाकायचे व्यायाम केले, त्यांचे मणके दबण्याचं प्रमाण खूप जास्त निघालं होतं. तुमची हाडं कशी आहेत ते कळेपर्यंत तरी हे पथ्य पाळा.

पलंगावरचा शेवटचा म्हणजे कुल्ले उचलणं. पावलं टेकलेली, बेंबी आत, आणि कुल्ले गादीपासून वीतभर वर. तीन मोजा, खाली या. पहिल्या आठवड्यात वीतभर जमलं नाही तर चार बोटं उचला. मांडीच्या मागं गोळा आला तर पावलं थोडी जवळ घ्या. मांड्या आणि कुल्ले भक्कम झाले की घागर उचलताना, उठताना, चढ चढताना भार त्यांच्यावर जातो आणि कंबर सुटते.

सगळ्यांत महत्त्वाचा व्यायाम खुर्चीचा आहे. दुसरं काही जमलं नाही तरी हा सोडू नका. हातांची, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची सरकते, तेव्हा भिंत हवीच. बसायची जागा गुडघ्याइतकी उंच असावी. कमी असेल तर वर वाकळ घडी करून टाका. खुर्चीच्या पुढच्या कडेला या, पावलं मागं घ्या, छाती पुढं न्या, टाचांवर भार देऊन उठा. सरळ व्हा, मग हळू, धप्प न करता, बसा. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घ्या, महिन्याभरात एका हाताचा, मग जमल्यास बिनहाताचा. दुखऱ्या गुडघ्यांना हा जड वाटेल. पण मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला आधार देतो, तेव्हा हे औषध दोघांचं आहे. फार दुखलं तर आणखी एक वाकळ घाला, उंची वाढली की सोपं जातं.

उभ्यानं दोनच गोष्टी करा. स्वयंपाकाचा ओटा किंवा खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या. आणि तसंच धरून, थोडं पुढं झुकून, एक पाय गुडघ्यात सरळ ठेवून जरासा मागं न्यायचा. कंबर मागं वाकता कामा नये, पाय वीतभर गेला तरी पुष्कळ.

प्रत्येक व्यायाम पहिल्या आठवड्यात पाच-पाच वेळा, दिवसातून एकदा. गुडघा छातीकडे घ्यायचा तेवढा प्रत्येक पायाला तीनदाच. दुसऱ्या आठवड्यात आठ, तिसऱ्यात दहा. दहा सहज व्हायला लागले की संध्याकाळी आणखी एक फेरी. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

दुखणार का? थोडं दुखेल. वर्षभर न वापरलेलं अंग आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे मार्क द्या. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत गेलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत नेहमीसारखं झालं तर सगळं ठीक आहे. सकाळी नेहमीपेक्षा जास्त ठणकत असेल तर व्यायाम बंद न करता निम्म्यावर आणा आणि दोन दिवसांनी परत वाढवा. एखाद्या व्यायामानं कळ कमरेतून निघून गुडघ्याच्या खाली जायला लागली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर तेवढा एक व्यायाम सोडून द्या. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप लागली तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

चालण्याबद्दल वेगळं सांगते. देवळापर्यंत पोटऱ्या भरतात ना, मग तिथवर ओढत जाऊ नका. भरून यायच्या आधीच एखाद्या ओट्यावर दोन मिनिटं टेका, मग पुढं चला. असं चालत-टेकत एकूण दहा मिनिटं झाली की पहिल्या आठवड्याचा हिशेब पुरा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. नातवाची सायकल असेल तर तिचं हँडल धरून, जरा पुढं झुकून ढकलत चाला. नसांना मोकळीक मिळते आणि बरंच लांब जाता येतं. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या 701 माणसांवर झालेला एक अभ्यास 2024 साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापून आला. निम्म्या लोकांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं आठवड्यातून पाच दिवस, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं होतं. त्यांचं दुखणं उलटायला मध्यम हिशेबानं 208 दिवस लागले, बाकीच्यांचं 112 दिवसांतच उलटलं. तुम्ही अजून बऱ्या झालेल्या नाही आहात हे खरं, पण एकही पैसा न लागणारं यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून जाऊ नका, घसरलात तर सगळंच बिघडेल. शाळेच्या ओसरीत फेऱ्या मारा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. पायात टाचेला पट्टा असलेली चप्पल हवी, सपाता नकोत.

पट्ट्याचं काय करायचं? मणका दबला म्हणून किंवा ऑपरेशननंतर दिलेला नसेल, तर तो हळूहळू सोडायचा. जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात समजावून सांगणं आणि नेमून दिलेला व्यायाम करा असं आहे, आणि पट्टे, वजन लावून मणका ताणणं हे नेहमीचा उपचार म्हणून करू नका असं आहे. दिवसभर पट्टा बांधला की आपलं अंग त्याच्या भरवशावर राहायला लागतं. घरात बसताना आणि झोपताना आजपासून काढा, व्यायामाच्या वेळी नकोच. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत फक्त एसटीच्या प्रवासापुरता ठेवा, मग तोही सोडा.

बिब्बा घालू नका. त्याचा चीक कातडी जाळतो, फोड येतात, आणि जखम चिघळली तर महिना जातो. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक व्यायामाआधी पंधरा मिनिटं घ्या, कपडा गुंडाळून. दुखायच्या गोळ्या वर्षभर रोज घेत असाल तर मूत्रपिंड आणि पोट तपासून घ्या. या वयात त्या गोळ्या जठराला आणि किडनीला महागात पडू शकतात, बीपीही वाढवतात. जेवणात दोन्ही वेळा वरण किंवा उसळ, सोबत वाटीभर दही किंवा दूध असू द्या. नुसत्या भाकरी-चटणीवर स्नायू भरत नाहीत.

तुमच्या सूनबाईंशी दोन शब्द बोलते, हे त्यांना वाचून दाखवा. बाई, तुम्ही सासूबाईंना जपता हे पत्रातून दिसतं, आणि असं जपणारं माणूस नशिबानं मिळतं. पण त्यांच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. ज्या बाईनं जन्मभर घर आणि रान चालवलं तिला नुसतं बसवून ठेवलं तर तिचं अंगही खचतं आणि मनही खचतं. खुर्चीवर बसून भाजी निवडणं, शेंगा फोडणं, ओट्याशी उभं राहून भाकरी थापणं, लांब दांड्याच्या झाडूनं अंगण झाडणं, हे त्यांना करू द्या. एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, एवढंच बघा. भरलेली बादली, पिठाचा डबा, पोतं यांना मात्र त्यांनी सध्या हात लावायचा नाही. संडासात खाली बसून उठणं जमत नसेल तर कमोडची खुर्ची आणा. आणि व्यायामाच्या वेळी पहिले काही दिवस जवळ उभ्या राहा, त्यांची भीती जाईल.

मावशी, कापसाचं. यंदाच्या पहिल्या वेचणीला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. त्यानंतरचं, आधाराशिवाय दहा वेळा खुर्चीवरून उठणं आणि वीस मिनिटं चालणं जमायला लागलं की ठरवू. तेव्हाही सुरुवात एका तासानं. कमरेइतक्या उंच झाडांचीच बोंडं वेचा, खालची तरण्या माणसांना सोडा. झोळी भरेपर्यंत थांबू नका, दोन किलोच्या आतच रिकामी करा, कारण पुढं लटकणारं सगळं ओझं कंबरच धरून ठेवते. पंधरा-वीस मिनिटांनी बांधावर बसा. गाठोडं उचलायला दुसऱ्याला हाक मारा. दुसऱ्या दिवशी कंबरेनं तक्रार केली नाही तरच परत जा. मजुरी बुडते हे मला समजतं, पण पुन्हा चमक भरली तर पुढचा सगळा हंगाम जाईल.

नातवा, तुझ्यासाठी एक काम. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात रोज दोन आकडे लिही: आजी किती वेळा खुर्चीवरून उठली आणि दुखण्याला किती मार्क दिले. सहा आठवडे लिही. दुखणं एकदम जाणार नाही, आधी उठणं सोपं होईल, चालणं लांबेल, मग मार्क उतरतील. सहा आठवडे नेमानं करूनही काहीच बदल नसेल, किंवा देवळापर्यंतचं अंतर आणखी कमी होत चाललं असेल, तर आजीला अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात घेऊन जा. जुने फोटो, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, त्या पुड्या असतील तर त्याही, आणि कालनिर्णयची पानं सोबत ने. आजी किती चालली की पोटऱ्या भरतात आणि कशानं उतरतात हे डॉक्टरांना तूच सांग. एसटीत तिला पुढच्या बाकावर बसव, मागच्या बाकाला हादरे फार बसतात.